लोप आणि आदेश : एकसामयिक समीकरणांच्या मराठी भाषेविषयी

शालेय बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणांची जोडी सोडविण्याच्या ज्या रीती सांगितल्या जातात, त्यांपैकी एका रीतीला मराठीत अद्याप स्थिर नाव लाभलेले नाही. दोन समीकरणांतील एकाच चलाचे सहगुणक सारखे करून घ्यावयाचे आणि बेरीज किंवा वजाबाकी करून ते चल घालवावयाचे, ह्या रीतीसाठी ‘लोप’ हा शब्द चांगला रुळला आहे. परंतु एका समीकरणावरून एक चल दुसऱ्याच्या रूपात मांडून ते दुसऱ्या समीकरणात घालण्याची जी रीत, तिला कोणी प्रतिष्ठापन म्हणतात, कोणी प्रतिस्थापन, कोणी प्रतियोजन. आणि प्रत्यक्ष वर्गात ह्यांपैकी एकही शब्द न उच्चारता ‘किंमत ठेवून’ एवढ्यावर भागविले जाते.

नाव नसणे हे स्वतः फार मोठे वैगुण्य नव्हे. निनावी क्रिया माणूस जन्मभर बिनचूक करीत असतो. पण ह्या निमित्ताने मराठी गणिताविषयीच्या एका प्रचलित समजुतीची तपासणी करता येते. गणिताची मराठी परिभाषा संस्कृतप्रचुर, म्हणून विद्यार्थ्यांना दुर्बोध, असे सांगितले जाते. आणि मराठी शाळांतून गणित व विज्ञान हे दोनच विषय इंग्रजीत शिकविणारे ‘सेमी-इंग्रजी’ वर्ग महाराष्ट्रभर पसरले, त्यांच्या समर्थनार्थ हेच कारण वारंवार पुढे केले जाते. निदान प्रस्तुत रीतीपुरते पाहिले तर दोष कठीण शब्दांत आढळत नाही. तो सोप्या शब्दांत आहे : ‘किंमत’, ‘ठेवणे’, ‘मध्ये’ आणि ‘मागे’.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांतील व्यवहारावरून एक उदाहरण रचून पाहावे. जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथे टोमॅटोचा मोठा बाजार भरतो आणि माल वीस किलोच्या क्रेटने विकला जातो. एका शेतकऱ्याने दोन प्रतींचे मिळून ४० क्रेट बाजारात आणले. हलक्या प्रतीला क्रेटमागे ३०० रुपये व चांगल्या प्रतीला ४५० रुपये मिळून एकूण १३,५०० रुपये हाती आले. आकडे अर्थात सोयीसाठी घेतलेले आहेत. हलक्या प्रतीचे क्रेट क्ष आणि चांगल्या प्रतीचे य मानले, तर

क्ष + य = ४०
३००क्ष + ४५०य = १३,५००

अशी जोडी मिळते. (आजची पाठ्यपुस्तके रोमन अक्षरे वापरतात, येथे जुन्या मराठी पुस्तकांतील क्ष व य ठेवले आहेत. अज्ञाताचे हे चिन्ह मराठीला इतके जवळचे झाले होते की क्ष-किरणांचे बारसेही त्यावरूनच झाले.) पहिल्या समीकरणावरून क्ष = ४० − य. दुसऱ्यात क्ष च्या जागी हे रूप घातले की ३००(४० − य) + ४५०य = १३,५००; म्हणून १५०य = १,५००, य = १० आणि क्ष = ३०.

ह्या उदाहरणात विद्यार्थी ज्या एका पायरीवर हमखास अडखळतो ती सर्व शिक्षकांच्या परिचयाची आहे. तो कंस विसरतो. ३०० × ४० − य + ४५०य असे लिहून तो १२,००० + ४४९य = १३,५०० येथे पोचतो आणि चांगल्या प्रतीचे क्रेट सुमारे ३.३४ असल्याचे निष्पन्न करतो. ह्या चुकीला ‘कंसाची चूक’ म्हणून तांबड्या शाईने खूण करणे सोपे आहे. परंतु ती आकडेमोडीची चूक नव्हे, वाक्यरचनेची चूक आहे; आणि ती ज्या वाक्याने शिकविली जाते त्या वाक्यातच तिचे बीज आहे.

ते वाक्य साधारणपणे असे असते : क्ष ची किंमत समीकरण (२) मध्ये ठेवून. ह्यातील विभक्तींकडे लक्ष द्यावे. ‘समीकरणामध्ये’ ही सप्तमी क्रिया कोठे घडते ते सांगते. ‘क्ष ची’ ही षष्ठी किंमतीशी जोडलेली आहे. पण ती किंमत कोणाच्या जागी यावयाची, कोणी उठावयाचे आणि कोणी बसावयाचे, हे सांगणारे पदच वाक्यात नाही. समीकरण ही जणू एक पिशवी असून तीत बाहेरून काहीतरी टाकावयाचे आहे, असा ह्या रचनेचा ध्वनी आहे. जो विद्यार्थी ४० − य हे समीकरणात नुसते टाकतो आणि ३०० च्या पुढे ते सुटे पडू देतो, तो ह्या वाक्याचे तंतोतंत पालन करीत असतो.

भारतीय व्याकरणाला हा प्रश्न फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एका वर्णाच्या वा शब्दाच्या जागी दुसरा येतो तेव्हा येणाऱ्याला आदेश म्हणतात आणि ज्याच्या जागी तो येतो त्याला परंपरेत स्थानी म्हणतात. पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील ४९ वे सूत्र षष्ठीचा अर्थच ठरवून टाकते : दुसरा संबंध सांगितलेला नसेल तेथे षष्ठी म्हणजे ‘च्या जागी’. कोठे, हे सप्तमीने. कशाच्या जागी, हे षष्ठीने. काय, हे प्रथमेने. तिन्ही गोष्टी वेगळ्या विभक्तींनी बांधलेल्या असल्यामुळे गफलतीला वाव राहत नाही. त्याच पादातील ५६ वे सूत्र पुढची पायरी सांगते. आदेश हा स्थानीसारखाच मानावयाचा. स्थानीला जी कार्ये होत होती ती आदेशालाही व्हावयाची. मात्र जे कार्य विशिष्ट वर्णावरच अवलंबून असेल ते ह्याला अपवाद.

वरील समीकरणाला हा नियम लावून पाहावा. दुसऱ्या समीकरणात क्ष ला ३०० ने गुणले जात होते. क्ष स्थानी, ४० − य आदेश. म्हणून जे गुणन क्ष ला होत होते ते संपूर्ण आदेशाला झाले पाहिजे. आदेशाच्या केवळ पहिल्या पदाला नव्हे. कंस म्हणजे दुसरे काही नसून आदेश एकपद झाल्याची खूण आहे. बीजगणितात तर पाणिनीच्या अपवादालाही जागा नाही, कारण येथे कोणतीच क्रिया क्ष ह्या अक्षराच्या रूपावर अवलंबून नसते. आदेश ही संज्ञा मराठी विद्यार्थ्याला आज्ञेच्या अर्थाने परिचित असल्यामुळे प्रथम चमत्कारिक वाटेल हे खरे. परंतु स्थानी आणि आदेश अशी जोडीने नावे मिळाली की क्रियेला दोन टोके आहेत एवढे तरी लपून राहणार नाही. प्रतिष्ठापन, प्रतिस्थापन आणि प्रतियोजन ह्या तिन्ही शब्दांत बसणारा दिसतो. उठणारा दिसत नाही.

‘लोप’ ह्या शब्दाची गोष्ट तर याहून मनोरंजक आहे. तो व्याकरणातून आलेला असून पाणिनीने त्याची व्याख्या ‘न दिसणे’ अशी केली आहे, ‘नसणे’ अशी नव्हे. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळे होणारे कार्य होतेच, असेही तेथे सांगितले आहे. बीजगणितातील चलाचा लोप हुबेहूब असाच असतो. क्ष डोळ्यांआड गेला तरी त्याचे कार्य शिल्लक राहते; य = १० हे उत्तर क्ष च्या उपस्थितीमुळेच १० आहे, आणि शेवटी क्ष ला पुन्हा पुढे आणावे लागते. पहिले चल सापडताच उत्तर संपले असे समजून थांबणारे विद्यार्थी थोडे नाहीत. ‘लोप’ म्हणजे ‘नाहीसे होणे’ एवढाच अर्थ त्यांच्यापर्यंत पोचलेला असतो. शब्द कठीण आहे म्हणून हे घडत नाही. कठीण शब्दाचा पुरता अर्थ सांगितला जात नाही म्हणून घडते.

आता सोप्या शब्दांकडे वळावे. ‘किंमत’ हा शब्द मराठीत अरबीतून फारसीच्या द्वारे आला आणि बाजारात रुजला. नारायणगावात किंवा मंचरच्या बाजारात त्याचा अर्थ रुपयांखेरीज दुसरा होत नाही. बीजगणितात मात्र क्ष ची किंमत म्हणजे क्ष ह्या चिन्हाने दर्शविलेली संख्या. वरील उदाहरणात क्ष ही क्रेटची संख्या असून तिच्याशेजारीच प्रत्येक क्रेटची किंमत ३०० रुपये आहे. ‘क्ष ची किंमत ३०’ असे विधान ऐकणाऱ्या विद्यार्थ्याने उत्तरात ‘क्ष = ३० रुपये’ लिहिले तर त्याच्या भाषाज्ञानाला नावे ठेवता येणार नाहीत. संस्कृत बीजगणितात ह्या अर्थी मान, उन्मान, उन्मिती असे शब्द आहेत. त्यांतील धातू मापण्याचा आहे, विकण्याचा नव्हे. तथापि आज ‘मान’ शब्द आणून बसवावा असे सुचविणेही धाडसाचे होईल. मराठीत मान डोलते, मान मिळतो आणि मान मोडूनही काम होते. शिवाय नवी परिभाषा मंडळांत ठरते आणि शब्दकोशात राहते, हा अनुभव जुना आहे. तेव्हा साधा उपाय बरा : ‘क्ष ची किंमत काढा’ ह्याऐवजी ‘क्ष किती?’ असे विचारावे. ‘किती’ हे प्रश्नवाचक सर्वनाम संख्येखेरीज दुसरे उत्तर घेत नाही.

ह्या ‘किती’चा नातेवाईक भारतीय बीजगणिताच्या पायाशीच उभा आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधील बीजगणितात पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणतात. यावत्तावत् म्हणजे जितके–तितके. पुढील अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे असून लिहिताना या, का, नी, पी अशी आद्याक्षरे घेतात. ज्ञात संख्येला रूप म्हणतात व रू लिहितात. पहिले नाव रंगाचे नाही, वस्तूचेही नाही. ते सर्वनामांची जोडी आहे, ही गोष्ट भाषाभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावयास हवी. अज्ञात म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूची अद्याप न सांगितलेली संख्या होय, हे त्या नावातच गोवलेले आहे.

अनेक वर्णांच्या समीकरणांत भास्कराचार्यांची सर्वसाधारण रीत अशी : पहिल्या वर्णाची उन्मिती इतर वर्णांच्या रूपात काढावयाची, त्याच वर्णाच्या दोन उन्मिती मिळाल्या तर त्या समान धरावयाच्या, आणि एक वर्ण कळल्यावर त्याच्या साहाय्याने उरलेल्यांचे उत्थापन करावयाचे. उत्थापन म्हणजे शब्दशः उठविणे, उभे करणे. आजचे पारिभाषिक शब्द बसविण्याची कल्पना पुढे आणतात. जुन्या शब्दात उठविण्याची कल्पना आहे.

त्यांच्याच एका प्रश्नात ही रीत किती अंगांनी वापरता येते ते दिसते. एक मनुष्य दुसऱ्याला म्हणतो, मला शंभर दे म्हणजे माझे धन तुझ्या दुप्पट होईल. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे म्हणजे माझे धन तुझ्या सहापट होईल. दोन अक्षरे घेऊन कोणीही ही जोडी मांडील. परंतु भास्कराचार्य एकाच वर्णात मांडणी करतात : पहिल्याचे धन २या − १००, दुसऱ्याचे या + १००. शंभर इकडून तिकडे गेले की पहिल्याकडे २या आणि दुसऱ्याकडे या; म्हणजे पहिली अट नाव ठेवतानाच पुरी झाली. उरली दुसरी : या + ११० = ६(२या − ११०). म्हणून ११या = ७७०, या = ७०; एकाचे धन ४०, दुसऱ्याचे १७०. येथे आदेश नंतर करावा लागत नाही, तो नामकरणातच झालेला असतो. ‘समजा’ ह्या शब्दाने सुरू होणारी ओळ शालेय वह्यांतून उपचार म्हणून लिहिली जाते. वास्तविक निम्मे गणित त्या ओळीतच असते.

ती ओळ चुकली तर पुढचा आदेश कितीही शुद्ध असला तरी उपयोग नाही. १९८१ मध्ये क्लेमेंट, लॉकहेड आणि मंक ह्या अमेरिकन संशोधकांनी एका साध्या प्रश्नाची चर्चा प्रसिद्ध केली. विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, हे समीकरणात लिहावयाचे होते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकीही पुष्कळांनी ते उलटे लिहिले. विद्यार्थिसंख्या सहाने गुणून प्राध्यापकसंख्येच्या बरोबर धरली. इंग्रजी वाक्यात ‘सहापट’ दर्शविणारे शब्द ‘विद्यार्थी’ ह्या शब्दाला लागून येतात, हे त्याचे एक कारण दाखविले जाते. दुसरे, अधिक खोल कारण असे की अक्षर हे संख्येऐवजी वस्तूचे नाव म्हणून वाचले जाते.

पहिल्या कारणापुरते मराठी वाक्य अधिक निर्धोक आहे. ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ ह्यात ‘सहापट’ हे पद षष्ठीच्या योगाने प्राध्यापकांना चिकटलेले आहे; पदांच्या क्रमाने लिहीत गेले तरी वि = प्रा × ६ हेच बरोबर समीकरण हाती येते. हा मराठीचा फायदा कोणी मोजून घेतल्याचे दिसत नाही. परंतु तीच मराठी ‘मागे’ ह्या शब्दयोगी अव्ययाने हा फायदा घालविते. ‘एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी’ असे म्हटले की १ प्रा = ६ वि ही चुकीची ओळ आपोआप उमटते. आणि बाजाराची सारी भाषा ‘मागे’ची आहे : क्रेटमागे इतके भाडे, पोत्यामागे इतकी हमाली, शेकड्यामागे इतकी आडत. शाब्दिक उदाहरणे व्यवहारातील असावीत असा आग्रह धरणाऱ्यांनी व्यवहाराची वाक्यरचनाही सोबत येते, इकडे लक्ष दिलेले नाही. ‘मागे’ टाळावे असे नाही. ती तर जिवंत भाषा आहे. पण ‘मागे’चे ‘पट’मध्ये रूपांतर करून घेणे हा स्वतंत्र पाठ व्हावयास हवा, आणि तो गणिताच्या तासाला की मराठीच्या, ह्याचा निर्णय आधी करावा लागेल.

दुसऱ्या कारणाचा पुरावा जुन्नर तालुक्याच्या पश्चिम सीमेवर, नाणेघाटाच्या लेण्यात दगडावर कोरलेला आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेची यादी असून गायी, घोडे, कार्षापण अशी वस्तूंची नावे आणि त्यांपुढे संख्याचिन्हे येतात. भारतातील फार जुन्या संख्याचिन्हांत त्यांची गणना होते. वस्तू आणि तिच्याजवळ तिची संख्या, हा हिशेबाच्या लेखनाचा क्रम दोन हजार वर्षे टिकला आहे. बाजारातील पट्टीवर आजही तो दिसतो. विद्यार्थी ३००क्ष हे लेखन वाचतो ते ह्याच सवयीने : तीनशे आकडा आणि क्ष वस्तू. म्हणून ‘क्ष म्हणजे टोमॅटो’ असे तो बिनदिक्कत लिहितो. नाणेघाटाच्या लेखकाला ठाऊक नसलेली संख्या कोरावयाची नव्हती; त्यामुळे त्याचे व्याकरण त्याला पुरले. बीजगणिताचे व्याकरण निराळे आहे, आणि निराळे आहे एवढे तरी कोणी सांगितले पाहिजे.

ह्याचा अर्थ त्या परिसरातील बोलीत आदेशाची सवय नाही असा मुळीच नव्हे. आंबेगावच्या पश्चिमेस, घोडेगावापासून भीमाशंकरच्या डोंगराकडे भाताचा पट्टा आहे. मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तरी पायली हा शब्द वयस्क माणसांच्या तोंडी ऐकू येतो. वीस मणांची खंडी, बारा पायल्यांचा मण, चार शेरांची पायली. खंडीचे शेर किती, असे विचारले असता मणाच्या जागी बारा पायल्या आणि पायलीच्या जागी चार शेर घालीत ९६० पर्यंत जाणारा मनुष्य आदेशाचीच क्रिया करीत असतो, आणि ‘च्या जागी’ हे शब्दही वापरतो. बोली भाषेत कंसाचीही सोय आहे. ‘तीनशे गुणिले चाळीस वजा य’ हे वाचन संदिग्ध आहे. ‘चाळिसांतून य गेले की जे उरतील त्यांच्या तीनशेपट’ हे नाही. ‘जे’ आणि ‘त्यांच्या’ ह्या जोडीने उरलेल्याची मोट बांधली जाते. यावत्तावत् मधील जोडी ती हीच. पाठ्यपुस्तकांच्या मराठीने ह्या जो–तो रचनेकडे लांबट म्हणून पाठ फिरविली आणि तिच्या जागी ‘मध्ये ठेवून’ स्वीकारले, हा व्यवहार तोट्याचा झाला.

शेवटी एका प्रकाराचा उल्लेख आवश्यक आहे, कारण तेथे भाषेचा प्रश्न पुरता उघडा पडतो. टोमॅटोच्या उदाहरणात दुसरी माहिती विक्रीची न देता भाड्याची दिली असे धरावे : दोन्ही प्रतींना क्रेटमागे १० रुपये, एकूण भाडे ४०० रुपये. मग १०क्ष + १०य = ४००. क्ष च्या जागी ४० − य घातले की ४०० − १०य + १०य = ४००, म्हणजे ४०० = ४००. क्ष चा लोप करावयास जावे तो य चाही लोप होतो. विद्यार्थी येथे गोंधळतो आणि बहुधा य = ० असे लिहून मोकळा होतो. गणिताच्या भाषेत ह्या जोडीला अनंत उकली आहेत. ह्या उदाहरणात क्रेट पूर्णांकच असल्यामुळे क्ष शून्यापासून चाळिसापर्यंत काहीही असू शकेल, म्हणजे ४१ शक्यता. भाषेच्या दृष्टीने पाहिले तर कारण अगदी साधे आहे. दुसरे वाक्य नवीन काही सांगतच नाही. पहिलेच वाक्य त्याने दहापट मोठ्या आवाजात म्हटले आहे. ती पुनरुक्ती आहे, आणि पुनरुक्तीतून अज्ञात उठत नाही. भाडे ४२० रुपये सांगितले असते तर तीच क्रिया ४०० = ४२० येथे पोचली असती. तेथे आकडेमोड तपासण्यात अर्थ नाही. चाळीस क्रेट सांगणारा शेतकरी आणि ४२० रुपये मागणारा गाडीवाला, ह्या दोघांपैकी एकाचे बोलणे खोटे आहे. कोणाचे, हे समीकरण सांगत नाही.